सोळा खिळे

पॅरिसच्या वेशीवर, व्होजिरारच्या नाक्यावर फिर्मां तुर्नेलचं नालबंदीचं दुकान होतं, आणि गेली पंधरा वर्षं जेर्मेन ओबेल आपली धुण्याची गाडी त्याच दुकानासमोरून हाकत पुढे निघून जायची. घोडीचा नाल सैल झाला तरी ती थांबायची नाही. लंगडत्या घोडीला तशीच चालवत अर्धा कोस पुढच्या नालबंदाकडे न्यायची. फिर्मां दारात उभा असायचा, हातात कानस, अंगावर कातडी एप्रन. सगळं दिसायचं त्याला. ती करडी घोडी पुढचा उजवा पाय जरासा बाहेर फेकते, आणि त्या पुढच्या गाढव नालबंदाने तिचा नाल उगाच रुंद ठेवलाय, हेसुद्धा दिसायचं. त्याच्या जिवाची लाही लाही व्हायची, पण हाक मारायची सोय नव्हती.

एके काळी असं नव्हतं. जेर्मेनचा नवरा माथ्यूरां आणि फिर्मां एकाच गल्लीत वाढले, एकाच घोडदळात भरती झाले आणि अठराशे बारा साली बादशहाच्या फौजेबरोबर एकाच तुकडीतून रशियात गेले. माथ्यूरां घोडेस्वार, फिर्मां नालबंद. माघारीत स्मोलेन्स्कजवळच्या एका गोठलेल्या उतरणीवर माथ्यूरांची घोडी घसरली आणि त्याला घेऊन दरीत गेली. फिर्मां पायाची दोन बोटं तिकडेच ठेवून दोन वर्षांनी परतला, तेव्हा जेर्मेन याच दुकानात बसून रडली होती. त्यानंतर चार वर्षं तिच्या घोडीचे नाल त्यानेच ठोकले.

मग कर्नलचं पुस्तक निघालं. बॅरन द लाव्हेर्न, त्यांच्या पलटणीचा कर्नल. बादशहा होता तेव्हा बादशहाचा, राजे परत आल्यावर राजांचा. टोपीवरचा तुरा बदलायला त्याला कधी आरसाही लागला नाही. त्याने पलटणीचा इतिहास लिहिला आणि त्यात छापलं की बर्फावर चालण्याचे अणीदार खिळे आपण वेळेवर वाटले होते, पण नालबंदांनी ते विकून दारू ढोसली, म्हणून घोडी पडली. चर्चच्या कारकुनाने ते पान जेर्मेनला वाचून दाखवलं. फिर्मां समजूत घालायला तिच्या दारात गेला, तर ती एवढंच म्हणाली, “किती पेले झाले रे माझ्या नवऱ्याचे?” आणि दार लावून घेतलं.

त्या एका वाक्याने माणूस आतून करपला. खिळे वाटलेच नव्हते, हे तो ओरडून सांगू शकला असता. पण बॅरनच्या छापील पानापुढे काळ्या नखांच्या नालबंदाचं कोण ऐकणार? तेव्हापासून तो कोणाच्या बग्गीला टोपी काढेनासा झाला. गिऱ्हाईक उमराव असो की पाववाला, ज्याचा घोडा आधी आला त्याचा पाय आधी उचलायचा, हा त्याचा नियम. नाक्यावरचे लोक म्हणत, तुर्नेलबाबांच्या तोंडाला लागण्यापेक्षा त्यांच्या घोड्याच्या लाथा परवडल्या. लोकांचं काही चुकत नव्हतं.

अठराशे बत्तीसच्या शरदात ओलिव्हिए दार्सेल नावाचा चित्रकार त्याच्या दुकानात आला. पस्तिशीचा, बोटांना रंग, गळ्याला रेशमी रुमाल, आणि पोटात भीती. लढायांची चित्रं काढणाऱ्या सगळ्याच चित्रकारांना तेव्हा ही भीती असायची. वसंतात लूव्हरच्या दालनात चित्रं मांडली जायची, रविवारी सामान्य लोकांना आत सोडायचे, आणि म्हातारे सैनिक झाडून सगळे यायचे. चित्राची कला वगैरे त्यांना काही देणंघेणं नव्हतं. ते बटणं बघायचे. पट्टा डाव्या खांद्यावरून हवा तिथे उजव्यावरून गेला, की चारचौघांत चित्रकाराची लाज काढायचे. एका नावाजलेल्या माणसाचं चित्र नुसत्या तुताऱ्यांच्या गोंड्यांवरून हशाचा विषय झालं होतं. दार्सेलकडे म्हणून खणभर खरी बटणं जमवलेली होती. आता त्याला नाल हवे होते, कारण त्याच्या चित्रातला घोडा मागच्या दोन पायांवर उभा होता आणि पुढच्या टापांचे तळवे थेट बघणाऱ्याच्या तोंडावर येत होते.

“रशियातली माघार आहे,” दार्सेल म्हणाला. “बर्फावरचा प्रसंग. तिथे घोड्यांना कसले नाल होते?”

“सपाट,” फिर्मां म्हणाला. “आरशासारखे सपाट. म्हणून तर मेली बिचारी.”

लक्झेंबर्ग बागेमागे दार्सेलची चित्रशाळा होती. तिथे भाड्याने आणलेला एक पांढरा घोडा छताला टांगलेल्या पट्ट्यांनी पुढून उचलून धरलेला असायचा आणि वैतागून सारखी लीद टाकायचा. त्याला धीर द्यायला, पाय धरायला फिर्मां आठवड्यातून तीनदा जाऊ लागला. कॅनव्हास केवढा, तर त्याच्या दुकानाच्या भिंतीएवढा. मधोमध पांढरा घोडा आणि त्यावर तलवार उपसलेला कर्नल. चेहऱ्याची जागा अजून कोरी. खाली बर्फावर तीन घोडी उताणी पडलेली, चौखूर वर. कोपऱ्यात मोडकं तोफेचं चाक, फाटका नगारा, वर काळे ढग, आणि त्या ढगांना नेमकं कर्नलच्या डोक्यावर भोक पडून तिथून ऊन आलेलं.

दार्सेल रंगात आला की समजावून सांगायचा. पांढरा घोडा म्हणजे सत्ता. तो उधळलाय, पण एका हाताच्या लगामात आहे, म्हणजे नियतीच मुठीत आहे. मोडकं चाक म्हणजे फिरलेलं दैव. पडलेली घोडी म्हणजे फौजेचं बलिदान. फिर्मां सगळं ऐकून घ्यायचा. मग विचारायचा, आमच्या कर्नलचा घोडा तपकिरी होता आणि पोटाने सुटलेला होता, त्याचा अर्थ काय लावायचा? आणि उतरणीवर घोडा असा दोन पायांवर उभा केला तर स्वार पाठीवर आपटतो, ती नियती कुठल्या मुठीत? दार्सेल हसायचा, तरी त्याच्याकडून प्रत्येक पट्टा तपासून घ्यायचा. एकदा बंदुकीच्या चामड्याच्या टोपणाचा टाका उलटा निघाला, तर दार्सेलने दिवसभराचं काम खरवडून टाकलं. तेव्हापासून फिर्मांला तो आवडू लागला. पडलेल्या तिन्ही घोड्यांचे नाल त्याने स्वतः घडवून, खुंटीला लावून दाखवले. सपाट, झिजलेले, कडा गोल झालेल्या. दार्सेलने ते हुबेहूब उतरवले.

चित्र कोणाचं, हे त्याने विचारलं नव्हतं. कर्नल कितीतरी होते. जानेवारीत एका दुपारी ज्याचं चित्र तो स्वतः चेहरा द्यायला आला. केसाळ कॉलरचा कोट, छातीवर तीन राजवटींची पदकं. वीस वर्षांत गाल लोंबले होते, पण ते नाक फिर्मांने लाखात ओळखलं असतं. तो घोड्याचा पाय धरून खालीच बसून राहिला.

बॅरन द लाव्हेर्नने चष्मा लावून आपली तलवार पाहिली, पदकं पाहिली, ढगातलं ऊन पाहिलं. मग त्याची नजर तोंडावर आलेल्या टापांवर गेली आणि कपाळाला आठी पडली. नाल सपाट कसे? लोक म्हणतील, कर्नलच्याच घोड्याला खिळे नव्हते. मग पुस्तकात लिहिलंय त्याचं काय? दार्सेल चाचरत म्हणाला की हा नालबंद तिथे होता, तोच सांगतो.

“कोण नालबंद?”

फिर्मां उठला. गुडघे कुरकुरले, पण तो सरळ उभा राहिला. “तिसरी तुकडी, साहेब. फिर्मां तुर्नेल. तुमच्या पुस्तकात आहे मी. खिळे विकून दारू प्यालो तो.”

बॅरनचा चेहरा लाल झाला आणि मग पुन्हा जसा होता तसा झाला. तो थंडपणे म्हणाला, “माझ्या घोड्याला खिळे होते. आणि ते तुझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही.” मग दार्सेलकडे वळून त्याने सांगितलं की घोड्याला खिळे दिसले नाहीत तर चित्र आपण घेणार नाही.

फिर्मांने एप्रन सोडला, तिथेच टाकला आणि निघून गेला. दार्सेल जिन्यापर्यंत हाका मारत आला, पण त्याने वळून पाहिलं नाही. राग बॅरनचा होता, हे खरंच. पण व्होजिरारपर्यंतच्या वाटेत त्याला जे टोचत होतं ते वेगळं होतं. बॅरन खोटं बोलला नव्हता.

त्या उतरणीच्या आदल्या संध्याकाळी हुकूम आला होता: कर्नलसाहेबांच्या घोड्याला बर्फाचे खिळे ठोका. पलटणीला खिळे मिळाले नव्हते. भट्टीच्या गाडीत थोडं लोखंड उरलं होतं, सोळा खिळ्यांपुरतं. एका टापेला चार. भात्यावर माथ्यूरां होता, कारण दुसऱ्या कोणाच्या हातात जोर उरला नव्हता. फिर्मां एकेक खिळा अणीदार करत होता, आणि माथ्यूरां हसत हसत म्हणाला होता, “चार माझ्या घोडीला ठेव की रे. कर्नलला बारा पुरतील. तो काय नाचणार आहे?” फिर्मां म्हणाला होता, “हुकूम आहे.” दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी, ऐरण आणि भाता खड्ड्यात ढकलण्यात आला, त्या गाडीवर कर्नलचे गालिचे आणि मॉस्कोतून उचललेलं एक मोठं घड्याळ चढलं. दुपारी माथ्यूरां गेला.

हे त्याने जेर्मेनला कधीच सांगितलं नव्हतं. खिळे विकले नाहीत, हे तिला पटावं म्हणून तो पंधरा वर्षं तडफडत होता. आपण खिळे घडवले होते आणि कोणासाठी घडवले होते, हे मात्र त्याने आपल्या तोंडातून बाहेर पडू दिलं नव्हतं. त्या दिवशी दुकानात येऊन तो ऐरणीवर बसून राहिला. कांद्याचं सूप चुलीवर आटून गेलं. मग तो एकदम उठला आणि भाता ओढू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चित्रशाळेत गेला आणि टेबलावर चार खिळे ठोकलेला नाल ठेवला. आयुष्यात त्याने इतका सुरेख नाल घडवला नसेल. अणी अशा की बोट फिरवलं तर रक्त येईल.

“हे असे होते,” तो म्हणाला. “पांढऱ्याला लावा. नीट दिसू देत, चमकू देत.”

दार्सेल गोंधळला. कालपर्यंत जो माणूस सपाट, सपाट म्हणून हट्ट धरून बसला होता, तो आज खिळे घेऊन आला होता. त्याने ब्रश उचलला आणि विचारलं, मग पडलेल्या घोड्यांनाही काढू का?

“बॅरननी काय सांगितलं?”

“त्यांच्या घोड्याला खिळे हवेत.”

“मग तेवढंच करा. पडलेल्यांबद्दल ते काही बोलले नाहीत. तेव्हाही नव्हते बोलले.”

दार्सेल बराच वेळ चित्राकडे बघत राहिला. वर उचललेल्या दोन टापा, खाली बारा टापा. मग त्याचे कान लाल झाले. त्याला बायको होती, घरमालक होता, आणि बॅरनचे ओळखीचे लोक लूव्हरसाठी चित्रं निवडणाऱ्यांत होते. तो म्हणाला, “तुर्नेलबाबा, तुम्ही मला खड्ड्यात घालणार.” आणि पांढरा रंग पिळला. फिर्मांने त्याला मनापासून शाबासकी दिली असती, पण ती सवय त्याला नव्हती. त्याने घोड्याचा पाय धरला.

चित्र पुरं झालं तेव्हा बॅरन येऊन बघून गेला. आपलं नाक, आपली पदकं, आपले खिळे. सगळं जिथल्या तिथे पाहून त्याने मान हलवली. चित्राच्या खालच्या अर्ध्या भागात बघण्यासारखं त्याच्या दृष्टीने काही नव्हतंच. मेलेली घोडी आणि मेलेली माणसं तिथे शोभेला लागतात, एवढं त्याला ठाऊक होतं.

मार्चमध्ये दालनं उघडली. पहिले काही दिवस टोपीवाले आणि रेशमी झग्यांतल्या बायका येऊन गेल्या. वर्तमानपत्रांनी ढगांची आणि सत्तेच्या त्या पांढऱ्या घोड्याची तारीफ केली. मग रविवार आला. ब्लेझ कोतॅ नावाचा त्यांच्याच पलटणीचा तुतारीवाला, एका डोळ्याचा, दोघांना पुरेल एवढ्या जिभेचा, चित्रासमोर येऊन उभा राहिला. त्याने वरून सुरुवात केली. बटणं बरोबर, पट्टे बरोबर, टोपणाचा टाकासुद्धा बरोबर. तो हिरमुसला. मग तो टापांपर्यंत आला आणि गप्प झाला. ब्लेझ गप्प झालेला त्याआधी कोणी पाहिला नव्हता, म्हणून बाकीचेही सरकून पुढे आले.

“मोजा रे,” तो म्हणाला. “उभ्याला खिळे. या पडलेलीला नाहीत. हिलाही नाहीत. तिसरीलाही नाहीत.” मग अख्ख्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात, तुतारी फुंकल्यासारखा: “कर्नलसाहेबांनी स्वतःच कबूल केलंय, पोरांनो. तेही तेलरंगात.”

हसू फुटलं, आणि मग ते थांबलं, कारण त्यातले बरेच जण त्या उतरणीवर होते. कोणीतरी टोपी काढली. पुढच्या रविवारी दुप्पट माणसं आली, त्याच्या पुढच्या रविवारी पहारेकऱ्याला दोरी बांधावी लागली. सगळी माणसं मान खाली घालून टापा बघत होती. ढगातल्या उन्हाकडे एकाचंही लक्ष नव्हतं. फिर्मां दर रविवारी मागच्या भिंतीला टेकून उभा राहायचा. आपण होऊन कोणाला काही सांगायचा नाही. हे नाल त्याचे आहेत हे ब्लेझने सगळ्या पॅरिसला केव्हाच सांगून टाकलं होतं.

तिसऱ्या रविवारी जेर्मेन आली. चर्चचा काळा झगा, साबणाने सोललेले हात. ती थेट चित्राच्या दोरीपाशी गेली. ती स्त्री वीस हिवाळे घोडीचे पाय बघत आलेली. तिला ब्लेझने समजावून सांगायची गरज नव्हती. तिने चौदाही टापा एकेक करून पाहिल्या. मग ती वळली, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा तिने फिर्मांच्या तोंडाकडे पाहिलं.

“विकले नव्हतेस तर.”

“नाही. मिळालेच नव्हते.”

इथेच थांबता आलं असतं. ज्याच्यासाठी तो इतकी वर्षं जळत होता ते त्याला मिळालं होतं. ब्लेझने तर त्याच्या पाठीवर थाप मारायला हातही उचलला होता.

“मग त्या उभ्या घोड्याचे कोणी केले?” जेर्मेनने विचारलं.

“मी,” फिर्मां म्हणाला. “सोळा खिळे. भाता माथ्यूरां ओढत होता. चार माझ्या घोडीला ठेव म्हणाला. मी म्हणालो, हुकूम आहे.”

ब्लेझचा हात तसाच खाली आला. जेर्मेनने पुन्हा एकदा चित्राकडे पाहिलं, पदर सावरावा तशी शाल खांद्यावर ओढली आणि गर्दीतून निघून गेली. फिर्मांला वाटलं, आता संपलं. पण गंमत म्हणजे त्याची छाती हलकी झाली होती, आणि त्या हलकेपणाचीच त्याला लाज वाटली.

मंगळवारी सकाळी बॅरनची बग्गी व्होजिरारच्या नाक्यावर येऊन थांबली. बॅरनने दार्सेलला हुकूम सोडला होता की सगळ्या घोड्यांना खिळे काढ. दार्सेलने टाळलं: मांडलेल्या चित्राला आता हात लावता येत नाही म्हणाला, आणि लावता आला तरी लावणार नाही, असंही पुढे म्हणाला. त्या बिचाऱ्याचे पैसे बुडाले. पुढे वर्षभर त्याने पाववाल्यांच्या बायकांची चित्रं काढली. आता बॅरनला नालबंदाकडून लेखी हवं होतं, की चित्रकाराची चूक झाली, खिळे सगळ्यांना होते.

फिर्मां दाराकडे पाठ करून वाकलेला होता. त्याच्या मांडीवर एका करड्या घोडीचा पुढचा उजवा पाय होता, जरासा बाहेर वळलेला. जेर्मेन गाडीच्या दांडीला टेकून उभी होती. ती जरा आधी आली होती आणि एवढंच म्हणाली होती की नाल सैल झालाय.

बॅरन बोलू लागला. पोलिसांचं नाव निघालं, दुकानाच्या परवान्याचं निघालं, पलटणीच्या इभ्रतीचं निघालं. फिर्मांने मान वर केली नाही. तो त्या दुसऱ्या गाढवाने रुंद ठेवलेला नाल उपसून काढत होता. एक खिळा, दुसरा खिळा. शेवटी तो म्हणाला, “हिचा नंबर आधी आहे, कर्नलसाहेब. आणि जरा मागे सरका. घोडी अनोळखी माणसाला लाथ मारते.”

“तू कोणाशी बोलतोयस हे कळतंय का तुला?”

उत्तर जेर्मेनने दिलं. आवाज न चढवता, धुणं मोजून द्यावं तसं. “याने घडवलेल्या खिळ्यांवरून तुम्ही घरी आलात, मेस्ये. भाता माझ्या नवऱ्याने ओढला होता. तुमच्या पुस्तकात हे आता हाताने लिहून ठेवा.”

नाक्यावरची पाववाली, गुत्तेवाला, दोन गाडीवान, सगळे आपापल्या दारात आले होते. कोणीही टोपी काढली नाही. बॅरन बग्गीत चढला. मग बग्गी वळली. चिखलातून तिची चाकं गेल्यावर लोकही आपापल्या कामाला लागले.

फिर्मांने नवा नाल बसवला, कडा कानसून घेतल्या, पाय खाली ठेवला. घोडीने तो टेकवून पाहिला. बाहेर फेकला नाही.

“मी माफबिफ केलेलं नाही,” जेर्मेन म्हणाली.

“मी मागितलेली नाही.”

“पण पुढच्या हिवाळ्यात बर्फाचे खिळे लागतील. तेव्हा कोणाचाही हुकूम येऊ दे, आधी हिचे करायचे.”

“आधी हिचे,” फिर्मां म्हणाला, आणि दुसरा पाय उचलला.